जुन्या वस्तूंचा जोडधंदा : चेंबूरकरांनी कुठून घ्यावं, काय सोडून द्यावं

जुनी खुर्ची स्वस्तात उचलायची, घासूनपुसून पॉलिश करायची आणि दुप्पट भावाने विकायची. ऐकायला सोपं वाटतं. चेंबूर-गोवंडी पट्ट्यातल्या अनेक वाचकांनी, विशेषतः घरबसल्या काही करू पाहणाऱ्यांनी आणि नुकत्याच निवृत्त झालेल्यांनी, हा उद्योग सुरूही केला आहे. त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात. चोरबाजारातला माल घेऊन विकला तर पोलीस धरतील का? जीएसटी घ्यावा लागेल का? सोसायटी हरकत घेऊ शकते का? आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा : वस्तू विकली गेली, पैसेही आले, तरी हातात काही उरलं नाही, असं का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खरेदीतच सापडतं. वस्तू चुकीची घेतलेली असते, जास्त भावाने घेतलेली असते, किंवा ती घरी आणण्याचा खर्च धरलेलाच नसतो. म्हणून या लेखात पॉलिशपेक्षा खरेदीवर जास्त लिहिलं आहे.

आधी शेजारची इमारत, मग चोरबाजार

चेंबूरला राहणाऱ्याने पहिली खरेदी चोरबाजारात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर या म्हाडाच्या जुन्या वसाहतींमध्ये एकेक इमारत पुनर्विकासाला निघते आहे. आसपासच्या खासगी सोसायट्यांतही तेच चाललं आहे. घर रिकामं करून दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत जाणाऱ्या कुटुंबाला सागवानी दिवाण, काचेचं फडताळ, पितळी कड्यांचा झोपाळा, पायाचं शिवणयंत्र हे सगळं बरोबर नेणं शक्य नसतं. मग शेवटच्या आठवड्यात ते भंगारवाल्याकडे वजनावर जातं.

अशा घरातून घेतलेल्या वस्तूचे तीन फायदे आहेत. एक, मालक कोण हे तुम्हाला ठाऊक असतं, त्यामुळे चोरीच्या मालाची भीती नाही. दोन, टेम्पोचा खर्च नाममात्र. तीन, वस्तू तिच्या जागी, वापरात असताना बघता येते : दिवाणावर बसून बघता येतं, कपाटाची किल्ली फिरवून बघता येते, आणि घाई करायला कोणी मागे उभं नसतं.

यासाठी एवढं करा :

- इमारत रिकामी करण्याची तारीख ठरली की सेक्रेटरींना भेटून सूचनाफलकावर चिठ्ठी लावण्याची परवानगी मागा. तारखेच्या महिनाभर आधी जा. शेवटच्या दिवसांत कुणालाच बोलायला वेळ नसतो.
- व्यवहार घरातल्या कर्त्या माणसाशीच करा. आजी-आजोबांनी ‘घेऊन जा’ म्हटलं आणि संध्याकाळी मुलगा वस्तू परत मागायला आला, असं होऊ देऊ नका.
- साध्या कागदावर वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख आणि ‘स्वखुशीने विकली’ एवढं लिहून सही घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.
- घर बिल्डरच्या ताब्यात दिल्यानंतर दारं, खिडक्या, चौकटी काढून विकण्याचा हक्क रहिवाशाचा राहतोच असं नाही. पाडकाम करणारा ठेकेदार बहुधा त्याच मालावर आपला भाव ठरवून आलेला असतो. सागवानी दारं हवी असतील तर त्याच्याशी बोला आणि पावती घ्या.

आणखी एक गोष्ट, जिच्यात तडजोड करू नये असं मला वाटतं. घरातल्या ज्येष्ठांना बऱ्याचदा वस्तूचा भाव ठाऊक नसतो. झोपाळ्याच्या चार पितळी कड्या मोडीत दिल्या तरी त्यांचे बरे पैसे येतात, हे त्यांना माहीत नसेल तर तुम्ही सांगा. त्या दिवसाचा मोडीचा भाव सांगून त्यावर आपला भाव द्या. एका घरी सरळ वागलात की पुढच्या इमारतीतून लोक स्वतःहून फोन करतात. फसवलंत तर ती बातमी जिन्याने तुमच्याआधी खाली पोचते.

बाजार कुठले आणि केव्हा

*चोरबाजार.* चेंबूरहून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरून चालत मटण स्ट्रीट गाठता येते. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. दुकानदार पिढीजात जाणकार असतो. त्याला वस्तूची किंमत तुमच्यापेक्षा चांगली कळते, म्हणून तिथे घबाड मिळेल ही आशा धरू नका. दुकानात जायचं ते डोळा तयार करायला : दिवे, कड्या-कुलपं, जुनी काच, इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या खऱ्या कशा दिसतात ते बघायला. जुम्मा बाजारात भाव कमी असतो, पण विकणारा पुढच्या शुक्रवारी तिथेच बसेल याची खात्री नसते.

*ओशिवरा.* जोगेश्वरी पश्चिमेचा फर्निचर बाजार मोठ्या लाकडी सामानासाठी आहे. इथले व्यापारी चित्रीकरणासाठी सामान भाड्यानेही देतात. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडमुळे टेम्पो आणणं सोपं झालं असलं तरी एका खुर्चीसाठी ती फेरी परवडत नाही. तीन-चार वस्तू मिळून ‘छोटा हत्ती’ भरत असेल तरच जा.

*कुर्ला आणि मानखुर्दचं मंडाळा.* हा भंगाराचा बाजार आहे, सजावटीचा नाही. लोखंडी पाय, जाळ्या, कास्टिंगचे तुकडे, यंत्राची चाकं वजनावर मिळतात. टेबलाला पाय हवे असतील तर इथेच स्वस्त. जाताना जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे घाला.

चोरबाजाराच्या फेरीतच नागदेवी स्ट्रीटला हत्यारं घेऊन टाका. पटाशी, रंधा, शिकंजे तिथे निवडून घेता येतात.

खुर्ची उलटी करा

वरच्या पॉलिशवर भाव ठरवू नका. समजा, समोर हाताची लाकडी आरामखुर्ची आहे. ती उलटी करा. खालच्या बाजूला पॉलिश नसतं, म्हणून लाकडाचं खरं रूप तिथे दिसतं. सागवान सोनेरी-तपकिरी असतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि नखाने खरवडलं तर जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसवी त्याहून जड आणि जांभळट-काळी. कडेच्या कापात लाकडाच्या रेषा पुढे जाण्याऐवजी एकावर एक थर दिसले तर तो प्लाय आहे, वरून फक्त सागवानाचा पातळ पापुद्रा.

मग पायांकडे बघा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असली तर घाबरून जाऊ नका. खुर्ची कागदावर ठेवून दोनदा हलकी आपटा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर भुंगा आत जिवंत आहे, घेऊ नका. भोकं आहेत पण भुसा नाही, तर कीड जुनी आहे. मातीच्या रेघा दिसल्या आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ती वाळवी. ती तुमच्या घरच्या दारांनाही लागेल.

शेवटी दोन्ही हातांनी पाठ धरून खुर्ची तिरकी हलवा. सांधे ढिले असणं हा दोष नाही, उलट भाव पाडायला कामाला येतं, कारण ढिला सांधा उघडून पुन्हा चिकटवता येतो. सांध्याजवळ लाकूडच फुटलेलं असेल, किंवा आधीच्या कुणीतरी चार खिळे ठोकून ठेवले असतील, तर मात्र काम वाढतं. खिळे काढताना लाकूड चिरतं.

गोदरेजचं लोखंडी कपाट बघताना तळाकडचे सहा इंच बघा. फरशी धुताना वर्षानुवर्षं पाणी लागून पत्रा तिथे सडतो आणि वरचा रंग त्याला झाकतो. तळाचा पत्रा अंगठ्याने दाबा. दबला तर सोडून द्या. कुलूप आणि आतला चोरकप्पा स्वतः उघडून बघा. आणि कपाट उचलून किती मजले न्यायचं आहे ते आधी बघा. चेंबूरच्या बऱ्याच जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये साडेसहा फुटी कपाट उभं राहत नाही आणि हमाल मजल्यागणिक पैसे घेतात.

नवशिक्यांनी यांपासून दूर राहावं

- *पितळी भोंग्याचे ग्रामोफोन.* बाजारात दिसणारे बहुतेक जुन्या-नव्या भागांची जोडणी केलेले असतात. भोंगा चकचकीत, पेटी कालची.
- *एचएमटीची घड्याळं.* एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्राने जानेवारी २०१६मध्ये घेतल्यापासून मागणी वाढली आणि जुन्या यंत्रावर नवी रंगीत डायल चढवलेली घड्याळं सर्रास विकली जाऊ लागली. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि घेत नाहीत. तीच वस्तू ‘अस्सल’ म्हणून तुम्ही पुढे विकलीत तर दोष तुमच्यावर येईल.
- *मोबाइल, लॅपटॉप.* जुना मोबाइल घ्यायचाच असेल तर आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. तो क्रमांक बदलणं हा गुन्हा आहे. विजेची उपकरणं दुरुस्त करून विकण्याचा रीतसर धंदा करायचा असेल तर २०२२च्या ई-कचरा नियमांखाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीचा विषय येतो. सुरुवातीला यात पडू नका.
- *गाद्या, कापसाचे सोफे.* ढेकूण.

घर लहान असेल तर सुरुवातीला हातात मावणाऱ्या वस्तूच घ्या : पितळेचे डबे, समया, लाकडी पेट्या, आरशाच्या चौकटी, स्टूल, पाट. मुंबईत तुमचं खरं भांडवल पैसा नसून जागा आहे. एक दिवाण तीन महिने पडून राहिला तर तेवढ्या जागेत दहा पेट्या येऊन-जाऊन झाल्या असत्या.

हिशेब मागून पुढे

खरेदीला निघण्याआधी विक्रीचा भाव काढा. तशीच, त्याच अवस्थेतली वस्तू मुंबईत किती रुपयांना जाते ते जुन्या सामानाच्या विक्रीच्या अ‍ॅपवर बघा. लोक सांगतात तो भाव धरू नका, त्यातून घासाघीस वजा करा. मग उलट यायचं. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, पद्धत समजण्यासाठी :

- आरामखुर्ची प्रत्यक्षात विकली जाईल असा भाव : ९,५०० रुपये
- टेम्पो आणि हमाली : ७०० रुपये
- बैठकीचा वेत नव्याने विणून घेणं : १,२०० रुपये
- पॉलिश, काचपेपर, फेविकॉल : ६०० रुपये
- तुमचे १४ तास, तासाला १०० रुपयांनी : १,४०० रुपये
- न विकल्या जाणाऱ्या आणि बिघडणाऱ्या मालाचा वाटा : ५०० रुपये
- हवा असलेला नफा : २,००० रुपये

खरेदी सोडून खर्च झाला ४,४०० रुपये. नफा धरून ६,४००. म्हणजे ही खुर्ची तुम्ही जास्तीत जास्त ३,१०० रुपयांना घ्यावी. विकणारा चार हजारांवर अडला तर नमस्कार करून निघा. ‘आलोच आहोत तर घेऊ’ या एका विचाराने बरेच जण नफा तिथेच ठेवून येतात.

स्वतःचे तास धरा, हे मुद्दाम सांगतो. ते धरले नाहीत तर कागदावर प्रत्येक वस्तू फायद्याची दिसते आणि वर्षाअखेरीस लक्षात येतं की शेजारच्या सुताराच्या मदतनिसालाही आपल्यापेक्षा जास्त मिळाले. पॉलिशचं काम जमत नसेल तर कारागिराला द्या. तुमची नजर आणि ओळखी हे तुमचं काम असू द्या.

कामाच्या चार गोष्टी, ज्या सहसा कुणी सांगत नाही

*जुन्या रंगात शिसं असतं.* घरगुती रंगांमध्ये शिसं ९० पीपीएमच्या वर असू नये हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः चटक पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसं असू शकतं असंच धरून चाला. असा रंग कोरडा घासू नका. घासताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. रंग काढायचं रसायन लावून पत्रीने खरवडा, किंवा पाण्याचा काचपेपर ओला करून वापरा. खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला रंग गुंडाळून वेगळा ठेवा, साधा कापडी मास्क पुरेसा मानू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर रंगवलेली जुनी वस्तू घरी सोलूच नका. आणि जुना रंग तसाच ठेवून पाळणा किंवा बाळाची खुर्ची विकू नका, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी.

*पावसाळ्यात लाखेचं पॉलिश करू नका.* चपडा लाख आणि स्पिरिटचं पॉलिश दमट हवेत पांढरट धरतं. जून ते सप्टेंबर खरेदी करा, सांधे जोडा, धातूची कामं उरका. पॉलिश ऑक्टोबरनंतर. शेवटच्या हातासाठी मलमलीत बांधलेला कापूस वापरा आणि एका जाड हातापेक्षा पाच-सहा पातळ हात द्या. काचपेपर ८० नंबरवरून १२० आणि मग २२० असा चढत जा, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा घासलात तर पॉलिशनंतर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो.

*सांधा उघडा, मग चिकटवा.* जुन्या सरसावर नवा फेविकॉल धरत नाही. सांधा मोकळा करून जुना सरस खरवडून काढा, मग चिकटवून दोरीचा पीळ देऊन चोवीस तास आवळून ठेवा. खिळा हा उपाय नाही.

*फडकी आणि स्पिरिट.* जवसाच्या तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. काम झालं की फडकी पाण्याच्या बादलीत टाका, किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवा. स्पिरिट, थिनर लहान डब्यातच आणा आणि गॅस, देवघरातला दिवा यांच्या जवळपास ठेवू नका. फेब्रुवारी २०२५मध्ये ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात मोठी आग लागली होती. लाकूड, फोम आणि थिनर एकत्र असलेली जागा किती वेगाने पेटते हे त्या बाजाराकडून शिका.

पितळ, तांबं आणि कल्हई

खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला, तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. मात्र अ‍ॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही, म्हणून हातात वजन तोला आणि तळाशी एक बारीक ओरखडा काढून आतला रंग बघा.

पितळेच्या वस्तूला एक सोय आहे : तिच्या किमतीला तळ आहे. मोडीच्या भावाच्या आसपास घेतली तर बुडण्याची भीती कमी. घंगाळ, बंब, हंडा, पानदान, अडकित्ता यांना शहरात चांगलं गिऱ्हाईक आहे, पण ते सहसा शोभेसाठी घेतं. म्हणून सगळा जुना काळसरपणा उतरवून आरशासारखं चकचकीत करू नका. चिंच-मीठ किंवा पितांबरीने एकदा धुवा आणि ठोक्याच्या खुणा राहू द्या. कोरलेलं नाव असेल तर तेही घासून काढू नका. जुन्या भांड्यांवर घातलेली नावं आणि तारखा ही त्यांची ओळख आहे.

स्वयंपाकासाठी म्हणून विकणार असाल तर आतून कल्हई करून घ्या, आणि ‘कल्हई झिजली की पुन्हा करावी लागेल, तोवर आंबट शिजवू नये’ असं गिऱ्हाइकाला सांगा. कल्हई केलेली नसेल तर ‘फक्त शोभेसाठी’ असं बिलावरच लिहा.

चोरीचा माल, शंभर वर्षं आणि हस्तिदंत

*चोरीचा माल.* १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७प्रमाणे, माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून, अप्रामाणिकपणे तो घेणं वा ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘मला काय माहीत’ हे उत्तर तेव्हाच टिकतं, जेव्हा भाव संशयास्पद नसतो आणि हातात काही कागद असतो. शिवाय तुम्ही निर्दोष असलात तरी वस्तू तुमची होत नाही : मालविक्री कायद्याच्या सर्वसाधारण नियमाने विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. खरा मालक आला तर वस्तू जाते आणि पैसे परत मागायचे ते विकणाऱ्याकडे. म्हणून रस्त्यावरच्या खरेदीतही विकणाऱ्याचं नाव, जागेचा आणि वस्तूचा फोटो, यूपीआयची नोंद ठेवा. पोलीस चौकशीला आले तर हे सगळं दाखवा, वस्तू लपवू नका, आणि ती नेली तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

*शंभर वर्षांची वस्तू.* पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२प्रमाणे शंभर वर्षं जुनी शिल्पं, चित्रं, नाणी, कलाकुसरीच्या वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेषांत मोडू शकतात. त्यांचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यंत्रणेचा परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशस्थ नातेवाइकाने जुनी मूर्ती मागितली तर कुरिअर करण्याआधी थांबा. याच कारणाने १९७०च्या आसपासच्या खुर्चीला जाहिरातीत ‘अँटिक’ म्हणू नका. ते खोटंही आहे आणि अंगाशी येणारंही.

*वन्यजीव.* हस्तिदंताचं जडावकाम, फळीवर लावलेली हरणाची शिंगं, वाघनख, कासवाची पाठ. वस्तू आजोबांच्या काळची असली तरी तिचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे. कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. शिसवी लाकूडही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांत येतं. देशात विकायला हरकत नाही, बाहेर पाठवताना कागद लागतात.

विकताना तुमची जबाबदारी, तुमचे हक्क

इथे एक बाब नीट समजून घ्या. बाजारातून पुन्हा विकण्यासाठी तुम्ही वस्तू घेता तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या व्याख्येत तुम्ही ‘ग्राहक’ नसता. त्या दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येणार नाही. पण तुमच्याकडून घरच्या वापरासाठी घेणारा मात्र ग्राहक असतो आणि तो तुमच्याविरुद्ध जाऊ शकतो. म्हणून खरेदीत डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि विक्रीत सगळं सांगून मोकळं व्हायचं.

कायद्याने या गोष्टी अनुचित व्यापारप्रथा ठरतात :

- दुरुस्त केलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून विकणं
- बिल न देणं
- सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं

बिलावर वस्तू जुनी आहे, काय काय बदललं आहे, कोणता दोष शिल्लक आहे हे लिहा. ‘मागचा डावा पाय नवा, लाकूड सागवान, बैठकीचा वेत नवीन, हातावर जुना डाग आहे’ एवढ्या दोन ओळी पुढची भांडणं टाळतात. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, दोषाचाही एक काढा, आणि मापं फूट-इंचात द्या. मुंबईत वस्तू आवडणं आणि ती दारातून आत जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पैसे घेताना सावध राहा. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, न बघताच घेतो, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील’ असा फोन आला तर बोलणं तिथेच थांबवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच. फसवणूक झाली तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर कळवा. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

जीएसटी, आयकर, गुमास्ता

राज्यातल्या राज्यात फक्त माल विकत असाल तर वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पुण्याला विकलंत तर चालेल. बेंगळुरूला मात्र नाही, कारण परराज्यात माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणीचा प्रश्न उभा राहतो.

नोंदणी झालीच तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला एक चांगली सवलत आहे. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल, आणि वस्तू आहे तशी किंवा तिचं स्वरूप न बदलणाऱ्या किरकोळ कामानंतर विकली असेल, तर कर पूर्ण विक्री किमतीवर न लागता खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. खुर्चीला पॉलिश करून खुर्चीच विकली तर सवलत मिळते. शिवणयंत्राच्या पायावर फळी ठोकून टेबल केलंत तर वस्तूच बदलली, मग ती मिळण्याची आशा धरू नका. अशा वेळी कर सल्लागाराला विचारूनच बिल करा.

स्वतःच्या वापरातलं जुनं फर्निचर एकदा विकलंत तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. विकण्यासाठीच वस्तू घेऊ लागलात की तो धंदा झाला आणि नफा विवरणपत्रात दाखवावा लागतो. एक वही पुरते : तारीख, वस्तू, कुणाकडून, किती, खर्च, कुणाला, किती.

गुमास्त्याबद्दल फार गैरसमज आहेत. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे, २०२५च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा.

सोसायटीशी कसं वागाल

घरात बसून पेटी पॉलिश करायला कुणाची हरकत नसते. हरकत येते ती जिन्यात उभ्या केलेल्या कपाटाला, दुपारी चालणाऱ्या सँडरच्या आवाजाला आणि थिनरच्या वासाला. यातली पहिली हरकत रास्तच आहे : आग लागली तर लोक त्याच जिन्याने उतरणार आहेत. जिना, पॅसेज, गच्चीचं दार इथे एक स्टूलही ठेवू नका. गच्चीवर काम करायचं असेल तर समितीची लेखी परवानगी घ्या आणि दिवस ठरवून घ्या. महिन्याला पाच-सहा मोठ्या वस्तू होऊ लागल्या की सदनिकेत काम करणं सोडा. ओळखीच्या सुताराच्या गाळ्यात आठवड्याचे दोन दिवस भाड्याने मागा. त्याच्याकडे हत्यारं असतात, शिकंजे असतात, आणि तुमचा सांधा चुकत असेल तर तो सांगायला तिथेच असतो.